तिला नेमके झाले तरी काय, आणि दोन घरांची दोन उत्तरे

पाच महिन्यांपूर्वी पिता झालेल्या एका वाचकाचे पत्र आले आहे. ओळख पटेल असे सारे तपशील गाळून त्याचा सारांश येथे देत आहे.

हे पती-पत्नी दोन वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या भाषांत आणि श्रद्धांत वाढले आणि सध्या तिसऱ्याच देशात राहतात. पहिल्या बाळंतपणानंतर चौथ्या दिवसापासून पत्नीची झोप जवळजवळ नाहीशी झाली. ती रात्रभर वहीत लिहीत बसे, भरभर बोले, मध्येच रडे आणि तासाभराने अगदी पूर्वीसारखी गप्पा मारी. घरच्यांना वाटले, आनंद आणि दगदग यांचा हा परिणाम असेल. नवव्या दिवशी ती म्हणाली, की हे बाळ आपले नाही, रुग्णालयात कोणीतरी ते बदलले आहे. बाळाच्या उजव्या तळपायावर निळ्या पेनाने काढलेली एक बारीक फुली पतीच्या नजरेस पडली. अंघोळीत ती पुसली गेली, की पत्नी पुन्हा काढत असे. दोन दिवसांनी पहाटे ती बाळाला घेऊन घराबाहेर पडण्याच्या तयारीत दिसली आणि तिला रुग्णालयात दाखल करावे लागले. चार आठवडे ती तेथे होती आणि बाळ आजीजवळ होते. आता ती घरी आहे, बरीच सावरली आहे आणि मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या लिथियमसह काही औषधे चालू आहेत.

वाचक लिहितात: “डॉक्टरांनी निदान केले, ते मला पटले. पण पत्नीच्या माहेरी सर्वांची खात्री आहे, की प्रसूतीच्या वेळी तिला बाहेरची बाधा झाली आणि त्यावर त्यांच्या रीतीप्रमाणे विधी केल्याशिवाय ती सुटणार नाही. माझी आई हे सारे खुळचटपणाचे मानते. तिच्या मते सुनेचे मनच मुळात कच्चे आहे आणि बाळाला तिच्याजवळ एकटे ठेवणे धोक्याचे आहे. पत्नी औषधे थांबवायची म्हणते. आम्हाला पुढे दुसरे मूलही हवे होते. हा आजार सगळ्या समाजांत सारखाच असतो, की आम्हीच तो एका चौकटीत बसवतो आहोत? मी कोणाची बाजू घेऊ?”

तुमच्या पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचे प्रश्न त्यावर उभे आहेत. होय, हा आजार सर्वत्र आढळतो. बाळंतपणानंतरचा सायकोसिस, म्हणजे वास्तवाचे भान सुटणारा मनोविकार, म्हणून डॉक्टर ज्याचे निदान करतात, तो साधारणपणे दर हजार बाळंतपणांमागे एक किंवा दोन स्त्रियांना होतो. देश, धर्म, शिक्षण किंवा सांपत्तिक स्थिती पाहून तो येत नाही. बहुतेक वेळा तो पहिल्या दोन आठवड्यांत, अनेकदा पहिल्या काही दिवसांतच सुरू होतो. झोप उडणे, विलक्षण उत्साह किंवा अस्वस्थता, गोंधळलेपण, भास, बाळाविषयीच्या चमत्कारिक पण पक्क्या समजुती आणि मधूनमधून येणारे अगदी शहाणपणाचे तास, असा त्याचा चेहरा असतो. तुम्ही केलेले वर्णन एखाद्या पाठ्यपुस्तकात जसेच्या तसे छापता येईल. एडिंबरा शहरातील चोपन्न हजारांहून अधिक बाळंतपणांच्या नोंदी मनोरुग्णालयांतील नोंदींशी ताडून पाहणारा एक अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. गंभीर मानसिक आजारासाठी दाखल होण्याचे प्रमाण बाळंतपणानंतरच्या पहिल्या महिन्यात कित्येक पटींनी वाढते, हे त्यातून स्पष्ट दिसले. स्त्रीच्या आयुष्यात एवढ्या थोड्या दिवसांत अशा आजाराची जोखीम इतकी उसळी घेते, असा दुसरा काळ क्वचितच सापडेल. प्रसूतीनंतर संप्रेरकांची पातळी एकाएकी खाली येते, रोगप्रतिकारयंत्रणेत बदल होतात, झोपेचे चक्र कोलमडते आणि काही स्त्रियांत यांना आनुवंशिक कल जोडला जातो; मन कधी अतिउत्साहाकडे तर कधी खोल नैराश्याकडे झुकणाऱ्या बायपोलर आजाराशी या विकाराचे जवळचे नाते आहे. यांपैकी कशाचाही मनाच्या कच्चेपणाशी संबंध नाही.

म्हणजे संस्कृतीला काहीच महत्त्व नाही, असा याचा अर्थ काढू नका. आजार सर्वत्र असला, तरी त्याचा दोष कोणाच्या माथी जातो, तो लपवला जातो की बोलला जातो, मदतीसाठी आधी कोणाचे दार ठोठावले जाते आणि बरी झालेली बाई पुन्हा आई म्हणून स्वीकारली जाते की नाही, हे सारे समाजागणिक बदलते. युगांडातील गांडा समाजात ‘अमाकिरो’ नावाची एक अवस्था पूर्वीपासून ओळखली जाते. बाळंतीण भ्रमिष्ट होते आणि आपल्याच बाळाला खाऊ पाहते, असे तिचे वर्णन केले जाते. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन कॉक्स यांनी तेथे काम करून १९७९ साली त्यावर लिहिले. पुढे १९८७ मध्ये याच कॉक्स यांनी सहकाऱ्यांसह बाळंतपणानंतरचे नैराश्य ओळखण्यासाठी दहा प्रश्नांची एडिंबरा प्रश्नावली तयार केली, जी आज असंख्य भाषांत वापरली जाते. अमाकिरोच्या वर्णनातील एक गोष्ट तुमच्या घराच्या संदर्भात मला महत्त्वाची वाटते. गरोदरपणातील व्यभिचारामुळे ही अवस्था येते, असा तेथे समज होता. म्हणजे लक्षणे लोकांनी अचूक टिपली होती, ती बाळंतपणाशी जोडलेली आहेत हेही ओळखले होते. पण कारण सांगताना बोट बाईच्या चारित्र्याकडे वळले. मलेशियात बाळंतिणीच्या वेडाला ‘गिला मरोयान’ म्हणतात आणि परंपरेने त्याचा संबंध शरीरात शिरलेल्या वाऱ्याशी लावला जातो. या दुसऱ्या समजुतीत निदान कोणाचा गुन्हा शोधला जात नाही, आणि कोणत्या बाईला आपला त्रास घरात उघडपणे सांगता येईल, याचा अंदाज तुम्हीच करू शकता.

आता तुमच्या मांडणीतील एका गृहीतकाकडे येते. तुमच्या पत्रात पत्नीच्या माहेरचे म्हणणे ‘श्रद्धा’ म्हणून येते, तुमच्या आईचे म्हणणे ‘मत’ म्हणून येते आणि डॉक्टरांचे म्हणणे सत्य म्हणून. संस्कृती जणू फक्त एका घरात आहे. पण “मन मुळात कच्चे आहे” हेही एका विशिष्ट संस्कृतीचेच उत्तर आहे, आणि अगदी परखडपणे सांगायचे तर पुराव्याच्या कसोटीवर ते बाधेच्या कल्पनेपेक्षा सरस ठरत नाही. उलट एका बाबतीत ते अधिक घातक आहे. बाधा बाहेरून येते आणि निघून जाते. कच्चे मन मात्र त्या बाईचे स्वतःचे असते आणि ते कायम तिच्या नावावर राहते. माहेरचे लोक निदान “आमची मुलगी मूळची अशी नाही” एवढे तरी म्हणत आहेत, आणि ते शब्दशः खरे आहे.

वैद्यकसुद्धा काळाच्या आणि स्थळाच्या बाहेर उभे नाही. फ्रेंच वैद्य लुई-व्हिक्टर मार्से यांनी १८५८ साली गर्भवती, बाळंतीण आणि दूध पाजणाऱ्या स्त्रियांच्या मनोविकारांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. या विषयात काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था आजही त्यांचे नाव चालवते. तरीही या आजाराला वेगळे खाते द्यावे की नाही, याबद्दल तज्ज्ञांचे एकमत नाही. मनोविकारांच्या अमेरिकन वर्गीकरणाच्या २०१३ सालच्या आवृत्तीत त्याला स्वतंत्र स्थान नाही. बायपोलर किंवा अन्य निदानापुढे ‘गरोदरपणात अथवा प्रसूतीनंतर चार आठवड्यांत सुरुवात’ अशी पुरवणी जोडली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात मात्र बाळंतपणाशी निगडित आणि सायकोसिसची लक्षणे असलेल्या विकारांचा वेगळा उल्लेख आहे. कायद्याचे उदाहरण कठोर आहे, पण बोलके आहे. इंग्लंडने १९२२ साली आणि सुधारित रूपात १९३८ साली केलेला बालहत्येविषयीचा कायदा बारा महिन्यांच्या आतील बाळाच्या आईची मनःस्थिती प्रसूतीच्या परिणामामुळे ढळलेली असू शकते, हे मान्य करतो आणि तिला खुनाच्या शिक्षेपासून वाचवतो. त्याच वाक्यात तो अंगावर पाजण्याच्या परिणामाचेही नाव घेतो, कारण दुधाचा आणि वेडाचा संबंध असतो, असे त्या काळच्या वैद्यकाला वाटत होते. आज कोणताही डॉक्टर तसे म्हणणार नाही. शब्द मात्र कायद्यात राहिले आहेत. अनेक देशांत असा कायदाच नाही. तेव्हा कोणत्या घराला ‘मागास’ म्हणायचे, याचा निवाडा करण्यात तुमचा वेळ जाऊ नये, असे मला वाटते.

मग बाजू कोणाची घ्यायची? माझ्या मते कारणाच्या वादात कोणाचीच नाही. दोन्ही घरांनी आजाराच्या कारणावर सहमत व्हावे, ही अपेक्षा तुम्ही सोडून द्या. सहमती कृतींवर मिळवा: औषधे ठरल्याप्रमाणे घेतली जातील, रात्रीची सलग झोप कोणत्याही कारणाने मोडली जाणार नाही, डॉक्टरांच्या भेटी चुकणार नाहीत, आणि झोप पुन्हा उडाली तर त्याच दिवशी फोन केला जाईल. बाधा मानणाऱ्या सासूबाई आणि ती न मानणाऱ्या तुमच्या आई या चार गोष्टींवर एकत्र येऊ शकतात. बाळाचे रात्रीचे एखादे पाजणे वरच्या दुधावर किंवा आधी काढून ठेवलेल्या दुधावर भागवून बाळाला दुसऱ्या कोणी सांभाळावे आणि आईला निदान सहा तास सलग झोपू द्यावे, हे दोन्ही आज्ज्यांना देता येण्यासारखे काम आहे. पण काढून ठेवलेल्या दुधाचा प्रश्न लिथियममुळे आधी डॉक्टरांना विचारावा लागेल, कारण हे औषध दुधात उतरते आणि त्याबाबतचा निर्णय प्रत्येक आई-बाळापुरता वेगळा घेतला जातो.

विधीविषयी. तो होऊ द्यावा का, याचे उत्तर आधी तुमच्या पत्नीकडे आहे. तिला तो हवा असेल, माहेरच्या माणसांनी आपल्याभोवती जमावे आणि आपण त्यांच्यातच आहोत असे वाटावे, अशी तिची इच्छा असेल, तर नकार देऊन तुम्ही फार काही कमावणार नाही. मात्र काही अटींवर मी ठाम राहीन. विधीसाठी जागरण नको. झोपमोड ही या आजाराला पुन्हा बोलावण्याची ओळखीची वाट आहे. उपवास किंवा पाणी वर्ज्य करणेही नको, कारण शरीरातील पाणी आणि मीठ कमी झाले, की लिथियमचे रक्तातील प्रमाण धोकादायक पातळीला जाऊ शकते. जुलाब, सतत उलट्या किंवा भरपूर घाम येऊन गळून जाणे यांचाही तोच परिणाम होतो. नेमके काय घातले आहे हे ठाऊक नसलेला कोणताही काढा किंवा भुकटी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नको. तिला बांधणे, मारणे, कोंडणे, धुरी देणे यांतले काही होणार असेल, तर तेथे श्रद्धेचा प्रश्न संपतो आणि तुम्ही तिला घेऊन बाहेर पडायचे. शेवटची अट कदाचित घरच्यांच्या लक्षातही येणार नाही: तिच्याकडून कोणत्याही चुकीची कबुली मागितली जाऊ नये. या आजारातून उठणाऱ्या स्त्रिया आधीच अपराधी भावनेने खचलेल्या असतात, आणि सायकोसिस ओसरल्यानंतरच्या महिन्यांत नैराश्याचा एक दीर्घ टप्पा अनेकींच्या वाट्याला येतो. तुम्ही लिहिलेल्या “बरीच सावरली आहे” या शब्दांनी मी म्हणूनच पुरती निश्चिंत झाले नाही. ठळक लक्षणे बहुधा दोन ते बारा आठवड्यांत ओसरतात, पण पूर्ववत वाटायला सहा महिने ते वर्ष किंवा त्याहूनही अधिक काळ लागू शकतो. ब्रिटनमध्ये बाळंतपणानंतरच्या वर्षभरातील मातामृत्यूंची कारणे दरवर्षी तपासली जातात आणि त्यांच्या प्रमुख कारणांत आत्महत्येची गणना होते. तेव्हा ती गप्प राहू लागली, आपण सगळ्यांना ओझे झालो आहोत असे म्हणू लागली, तर “आता काय, बरी आहेस की” असे म्हणून ते झटकू नका. मरणाचे विचार येतात का, हे स्पष्ट शब्दांत विचारा. विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत. उत्तर ‘हो’ असेल, तर तिला एकटे न ठेवता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

तुमच्या आईंच्या भीतीला मी खोटे म्हणणार नाही. आजार भरात असताना आई आणि बाळ दोघांनाही धोका असतो. आईची समजूतच विपरीत झालेली असते. बाळ दैवी आहे, शापित आहे किंवा ते आपले नाहीच असे तिला मनापासून वाटत असते आणि त्या समजुतीप्रमाणे ती वागू शकते. त्या काळात बाळाला तिच्यासोबत एकटे न ठेवणे योग्यच होते. पण ती खबरदारी त्या काळापुरती होती. पाच महिन्यांनंतर, भ्रम ओसरल्यावर आणि उपचार चालू असताना, तोच पहारा कायम राहिला तर तो आजारावरचा उपाय न राहता आईपणावरचा अविश्वास होतो. बाळाबरोबर एकटे राहण्याची मुभा तुमच्या आईंच्या धीरावर सोडू नका; ती मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्याने, टप्प्याटप्प्याने ठरवा आणि शक्य असेल तर कागदावर उतरवा. आधी कोणीतरी शेजारच्या खोलीत असताना अंघोळ आणि पाजणे, मग अर्धा तास, मग दुपार, आणि प्रत्येक टप्प्यानंतर पत्नीला स्वतःला कसे वाटले याची चौकशी.

चार आठवडे आई आणि बाळ वेगळे राहिले, याचा सल तुमच्या पत्रातून जाणवतो. तुमच्यापुढे बहुधा दुसरा पर्याय नव्हता. ब्रिटनमध्ये १९४८ सालापासून आईबरोबर मुलालाही मनोरुग्णालयात दाखल करून घेण्याचे प्रयोग सुरू झाले आणि त्यांतून माता-बालक कक्ष उभे राहिले. त्यांतील एका कक्षाला चन्नी कुमार या मानसोपचारतज्ज्ञांचे नाव आहे, ज्यांनी या आजारांकडे निरनिराळ्या संस्कृतींच्या संदर्भात पाहण्याचे मोठे काम केले. भारतात बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत २००९ पासून असा कक्ष आहे. जगातील बहुतेक ठिकाणी मात्र ही सोय नाही, आणि तेथे बाळ नातेवाइकांकडे राहणे हीच रीत ठरते. चार आठवड्यांच्या ताटातुटीने आई आणि मूल यांचे नाते कायमचे तुटत नाही. ते पुन्हा जुळायला रोजचा सहवास लागतो, आणि तो सहवासच पहाऱ्यामुळे आक्रसू नये, एवढे पाहा.

तुम्ही थेट विचारले नसले, तरी “आमच्या लोकांत असताना असे झाले नसते” हा सूर दोन्ही घरांतून निघत असणार. परदेशात, ज्येष्ठ बायकांचा आधार नसताना बाळंतपण झाले, म्हणून हे घडले, अशी ती तक्रार असते. स्टर्न आणि क्रुकमन या अभ्यासकांनी १९८३ साली असा मुद्दा मांडला होता, की ज्या समाजांत बाळंतिणीला ठरावीक काळ विश्रांती, सोबत आणि मान मिळतो, तेथे बाळंतपणानंतरचे नैराश्य कमी दिसते. ही कल्पना लोकप्रिय झाली आणि तिच्यात तथ्यही आहे; मात्र पुढे निरनिराळ्या देशांत तपासल्यावर चित्र इतके सरळ निघाले नाही. मायेने मिळालेली विश्रांती आणि सासूच्या धाकात पाळलेला एकांतवास बाहेरून सारखेच दिसतात. शिवाय हा सारा विचार नैराश्याबद्दलचा आहे. सायकोसिसच्या बाबतीत शरीराचा वाटा इतका मोठा आहे, की घरात दहा अनुभवी बायका असत्या तरी तो येऊ शकला असता. फरक पडला असता, तर तो ओळखण्याच्या वेळेत, आणि त्याची दिशाही निश्चित सांगता येत नाही. अकरा देशांतील केंद्रांत झालेला, आकड्यांऐवजी लोकांच्या बोलण्यावर आधारलेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतरचे गंभीर दुःख सगळीकडच्या लोकांना परिचित होते, पण त्यासाठी डॉक्टरकडे जावे असे सगळ्यांना वाटत नव्हते, असे त्यात आढळले. अनुभवी बायका चटकन ओळखतातही आणि चटकन घरगुती उपायांत वेळ घालवतातही.

याच कारणाने, अशाच दिवसांतून जाणाऱ्या इतर वाचकांसाठी थोडे थांबून लिहिते. बाळंतपणानंतर पहिल्या आठवड्यात दोन-तीन दिवस रडू येणे, हळवे होणे हे अनेक स्त्रियांच्या बाबतीत होते आणि आपोआप ओसरते. नैराश्य सावकाश येते आणि आठवडे टिकते. आपल्या हातून बाळाला इजा होईल असे नकोसे विचार मनात येऊन त्यांनीच धास्तावणारी, सुरी दूर ठेवणारी, कोणाला तरी सोबत बसवणारी आई बहुधा वेगळ्या, चिंतेच्या विकाराने त्रस्त असते. त्या विचारांची तिला घृणा असते आणि तिलाही उपचार मिळायला हवेत. सायकोसिसमध्ये ही घृणा नसते, खात्री असते. बाळ झोपलेले असूनही सलग दोन रात्री झोप नाही आणि थकवाही नाही, बोलण्याचा वेग वाढलेला, विचारांची संगती सुटलेली, कोणीतरी पाळतीवर आहे किंवा बाळाबाबत काही गूढ आहे असे वाटणे, यांतली लक्षणे दिसली, तर तो त्याच दिवशी डॉक्टर गाठण्याचा प्रसंग आहे. आठवड्याभरानंतरची वेळ घेऊन थांबू नये. मधल्या काळात आई आणि बाळ यांना एकटे ठेवू नये आणि तिच्या समजुतीशी वाद घालू नये. “तुला भीती वाटते आहे हे मला दिसते, आपण मदत घेऊ” एवढे पुरते.

आणि शरीराची तपासणी आधी. प्राचीन ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटसच्या नावावर असलेल्या रोगनोंदींत किझिकस गावच्या, जुळ्या मुलींना जन्म दिलेल्या एका स्त्रीची हकिकत आहे: ताप, उडालेली झोप, सहाव्या दिवशी भ्रमिष्ट बोलणे आणि सतराव्या दिवशी मृत्यू. आजच्या वाचकाला त्यात जंतुसंसर्गाचा संशय आल्याशिवाय राहत नाही. टांझानियातील दार-ए-सलामच्या मुहिम्बिली रुग्णालयातून २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही अशा रुग्णांपैकी अनेकींत संसर्ग आणि रक्तक्षय सापडला. बाळंतिणीला ताप, तीव्र डोकेदुखी, झटके, वाढलेला रक्तदाब किंवा शुद्धीत चढउतार असेल, तर मेंदूतील रक्ताची गाठ, मेंदूदाह, थायरॉइडचे विकार यांचाही विचार करावा लागतो. ‘बाधा’ म्हणून घरी ठेवल्याने जसा जीव जाऊ शकतो, तसाच ‘मानसिक आहे’ म्हणून इतर तपासण्या न केल्यानेही जाऊ शकतो.

औषधे थांबवण्याविषयी. तुमच्या पत्नीला ती का नकोत, हे आधी समजून घ्या. हात थरथरणे, वजन वाढणे, सुस्ती, बाळाला अंगावर पाजता न येणे, की रोजची गोळी रोज आजाराची आठवण करून देते म्हणून? प्रत्येक कारणाला वेगळे उत्तर आहे, आणि मात्रा किंवा औषध बदलून यांपैकी बरेच प्रश्न सुटतात. मनानेच एकाएकी बंद करणे मात्र धोक्याचे आहे. हा आजार दिसायला भयंकर असला, तरी उपचारांना फार चांगला प्रतिसाद देतो. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे झोपेची औषधे, मग सायकोसिसविरोधी औषधे, मग लिथियम अशा क्रमाने चौसष्ट स्त्रियांवर उपचार केले गेले आणि जवळजवळ सगळ्या लक्षणमुक्त झाल्या. २०१५ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जेथे औषधे पुरत नाहीत, तेथे भूल देऊन केले जाणारे विद्युत उपचार उपयोगी पडतात.

दुसऱ्या मुलाबद्दल कोणी “आता विसरा” असे सांगितले असेल, तर ते घाईचे आहे; “काही होत नाही” असे सांगितले असेल, तर ते खोटे आहे. एकदा हा आजार झालेल्या स्त्रीला पुढील बाळंतपणानंतर तो पुन्हा होण्याची शक्यता ढोबळमानाने दोनात एक इतकी मोठी धरली जाते. पण पुढच्या वेळी तो अनपेक्षित नसेल, आणि हा फरक मोठा आहे. गर्भधारणेपूर्वीच मानसोपचारतज्ज्ञांशी आणि प्रसूतितज्ज्ञांशी बोलून योजना आखता येते. प्रसूतीनंतर लगेच प्रतिबंधक औषध सुरू करून धोका बराच कमी करता येतो. रात्रींची वाटणी आधीच ठरवता येते. औषधांची निवडही तेव्हाच तपासून घ्यावी. बायपोलर आजारात वापरले जाणारे व्हॅल्प्रोएट हे औषध गर्भाला अपाय करते, त्यामुळे मूल हवे असलेल्या स्त्रीसाठी ते टाळतात. पत्नीच्या किंवा तिच्या रक्ताच्या नात्यात कोणाला बायपोलर आजार किंवा बाळंतपणानंतरचे ‘वेड’ होते का, हे तिच्या आईला विचारा. या चौकशीत सासूबाई तुमच्या सर्वांत उपयोगी साथीदार ठरू शकतात, आणि माहेरी बाधा म्हणून सांगितली जाणारी एखाद्या मावशीची किंवा आजीची जुनी गोष्ट डॉक्टरांच्या दृष्टीने मोलाची माहिती असू शकते. त्यांच्या श्रद्धेची टर उडवली, तर ती गोष्ट तुम्हाला कधीच कळणार नाही.

राहता राहिली एक उणीव, जी मला तुमच्या पत्रात सुरुवातीपासून खटकली. तुमची आई काय म्हणते, सासूबाई काय म्हणतात, डॉक्टर काय म्हणतात, सारे आहे. त्या अकरा दिवसांत आपल्याला काय झाले, असे तुमच्या पत्नीला वाटते, याची एकही ओळ नाही. आर्थर क्लाइनमन या मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात डॉक्टरांना काही साधे प्रश्न शिकवले, जे नवऱ्यालाही विचारता येतात: तुला जे झाले त्याला तू काय म्हणतेस? ते कशाने झाले असे तुला वाटते? त्यात सगळ्यांत जास्त भीती कशाची वाटते? कोणत्या उपायाने बरे वाटेल? कदाचित ती बाधा म्हणेल, कदाचित आजार, कदाचित दोन्ही. अनेक माणसे दोन्ही उत्तरे एकाच वेळी मनात बाळगतात आणि गोळ्याही नीट घेतात. पायावरच्या फुलीबद्दलही तिला बोलू द्या. भ्रमाच्या ऐन भरातही ती आपले बाळ हरवू नये म्हणून खूण करत होती, हे तिला दुसऱ्या कोणी सांगितलेले नसण्याची शक्यता आहे. ज्यांना हे स्वतः भोगावे लागले, त्यांच्याशी बोलण्याने खूप हलके वाटते. ब्रिटनमधील ‘अ‍ॅक्शन ऑन पोस्टपार्टम सायकोसिस’ ही संस्था अशाच बऱ्या झालेल्या स्त्रियांच्या आधाराने चालते. तुम्ही राहता तेथे असा गट असेल, तर डॉक्टरांना विचारून तो शोधा. आणि स्वतःसाठीही कोणीतरी ऐकणारे शोधा. त्या पहाटेनंतर तुम्हाला पुरेशी झोप लागते का, हे तुम्ही लिहिलेले नाही.

हे उत्तर दोन्ही घरी वाचून दाखवण्याचा मोह तुम्हाला होईल. त्याआधी ते पत्नीला दाखवा, आणि त्यातले काय कोणाला सांगायचे, ते तिला ठरवू द्या.